सिंगल माल्ट स्कॉच पारखायची कशी? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त चार वर्षं एडिंबरात राहून परतले, तेव्हापासून एक प्रश्न मला सतत विचारला जातो. कुणीतरी विमानतळावरून आणलेली बाटली पुढे करतं आणि म्हणतं, "बघ गं, ही चांगली आहे का?"

या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. व्हिस्की नीट बनवलेली आहे का, हा एक. ती मला आवडते का, हा दुसरा. पहिली दोन वर्षं मी या दोन्हींची गल्लत करत होते. आयला बेटावरच्या लफ्रॉइगचा पहिला घोट घेतला तेव्हा मलमपट्टीच्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं. आयोडीन, धूर, समुद्राच्या पाण्यात भिजलेला दोरखंड. ग्लास बाजूला सारला. पण दहा मिनिटं झाली तरी तोंडात गोडवा, खारटपणा आणि विझत्या चुलीची ऊब रेंगाळत होती. न आवडलेली ती व्हिस्की उत्तम बनवलेली होती. उलट, भेट मिळालेली एक महागडी बाटली पहिल्या घोटाला फार भावली आणि तिसऱ्या घोटाला तिच्यात नवं काही उरलं नाही. आवड ज्याची त्याची असते, ती बदलतेही. दर्जा मात्र सरावाने ओळखता येतो, आणि तो कसा ओळखायचा एवढंच इथे सांगते आहे.

काय काय जवळ हवं

- तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास. ग्लेनकेर्न नावाचा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास यासाठीच बनवलेला आहे. तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालेल. जाड बुडाचा रुंद ग्लास नको, त्यातून वास उडून जातो.
- कमी क्षारांचं साधं पाणी, गार न केलेलं. सोबत नवा ड्रॉपर किंवा चहाचा चमचा.
- ग्लास झाकायला लहान बशी.
- बिनमसाल्याचा पाव किंवा साधं बिस्किट.
- वही आणि पेन.
- किमान दोन वेगवेगळ्या व्हिस्की. एकाच बाटलीवरून काहीच शिकता येत नाही, याबद्दल शेवटच्या पायरीत बोलू.
- कागदपत्रं: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि दारू बाळगण्या-पिण्याचा परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये किमान वय १८ आहे, पण २५ पेक्षा लहान दिसणाऱ्याकडे ओळखपत्र मागतात. पासपोर्ट जवळ ठेवा.

१. आधी लेबल वाचा

'सिंगल माल्ट' या शब्दांना २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत पक्का अर्थ आहे. मोड आणलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट. एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भांड्यांत घाण्या-घाण्याने ऊर्ध्वपातन. मग स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरवण. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. वरून घालायची परवानगी फक्त पाण्याला आणि साध्या कॅरॅमल रंगाला. 'सिंगल' म्हणजे एक डिस्टिलरी, एक पिंप नव्हे. एकाच पिंपातली असेल तर लेबलावर 'सिंगल कास्क' असं लिहिलेलं असतं.

'ब्लेंडेड माल्ट' ही वेगळी जात आहे: अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्ट एकत्र केलेल्या. जॉनी वॉकर ग्रीन लेबल या जातीतली. आपल्याकडे ज्याला शिखर मानतात ते ब्लू लेबल तर ब्लेंडेड स्कॉच आहे, म्हणजे त्यात ग्रेन व्हिस्कीही (गहू-मक्यासारख्या इतर धान्यांची) असते. त्याने ती वाईट ठरत नाही. फक्त आपण काय पारखतो आहोत ते माहीत हवं.

लेबलावर आणखी चार गोष्टी शोधा.

वय. १२ लिहिलेलं असेल तर बाटलीतली सर्वांत कोवळी व्हिस्की १२ वर्षांची आहे. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही. काकांनी १९९० साली आणलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे.

टक्केवारी. ४० ही कायद्याची खालची मर्यादा. ४६ किंवा त्यापुढचा आकडा दिसला की मी बाटली हातात घेते, कारण तेवढ्या अल्कोहोलला व्हिस्की सहसा गढूळ होत नाही आणि तिला थंड करून गाळण्याची गरज पडत नाही. थंड गाळणीत गढूळपणा आणणारे तेलकट घटक जातात, आणि माझ्या अनुभवात तोंडात जाणवणारा भरीवपणाही त्यांच्यासोबत थोडा जातो. बुनाहावन १२ (४६.३ टक्के) आणि आर्डबेग १० (४६ टक्के) या तशा न गाळलेल्या.

पिंप. अमेरिकी बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेली, साधारण २०० लिटरची पिंपं स्कॉटलंडला येतात आणि व्हॅनिला-खोबऱ्याची चव देतात. शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपं मनुका, खारीक आणि सुक्या अंजिराकडे नेतात. 'फिनिश' हा शब्द दिसला तर व्हिस्कीने दुसऱ्या पिंपात फक्त शेवटचा काळ काढलेला असतो.

प्रदेश. कायद्याने पाच आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला, कॅम्पबेलटाउन. यावर फार विसंबू नका. आयला म्हणजे धूर असं सगळे सांगतात, पण आयलावरचीच बुनाहावन १२ जवळजवळ बिनधुराची आहे.

२. विकत घेताना होणाऱ्या फसगती

वयाला दर्जा समजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पिंप थकलेलं असेल तर १८ वर्षांनीही ते व्हिस्कीला काही देत नाही. पिंप जोरकस असेल तर फार वर्षं ठेवल्यावर लाकूडच लाकूड लागतं. हवामानाचाही हात असतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते, तिथल्या उकाड्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असतं आणि लाकूडही भराभर उतरतं. म्हणून आपल्या माल्ट कमी वर्षांत तयार होतात. वर्षांचा आकडा दोन हवामानांत सारखा मोजता येत नाही.

दुसरी फसगत रंगाची. गडद म्हणजे जुनी किंवा शेरीतली, असं धरून चालू नका. कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ते छापावं लागतं, 'मिट फार्बश्टॉफ' म्हणजे 'रंगासहित'. शंका आली की मी त्याच व्हिस्कीचं जर्मन लेबल शोधून बघते.

तिसरी नकली मालाची. महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटलीला भंगारवाला जास्त पैसे देतो, त्यामागचं एक कारण तिच्यात पुन्हा काहीतरी भरलं जातं. झाकणावरचं सील, उत्पादन शुल्काचं लेबल आणि आयातदाराचा स्टिकर तपासा. बहुतेक बाटल्यांच्या काचेवर बारीक लॉट क्रमांक असतो. तो खरवडलेला दिसला तर घेऊ नका. आणि आपली बाटली टाकताना लेबल फाडून टाका.

परदेशातून आणणार असाल तर भारतात विनाशुल्क मर्यादा माणशी २ लिटर आहे. ब्रिटनमध्ये बाटली ७०० मिलिलिटरची असते, म्हणजे तीन बाटल्यांचे २.१ लिटर होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. माझी तिसरी बाटली याच हिशेबात अडकली होती. शिवाय स्कॉटलंडमधली दुकानं दारू सकाळी १० ते रात्री १० या वेळेतच विकतात. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशी खरेदी उरका.

३. खोली, हात आणि नाक

जेवणाआधीचा तास सर्वांत चांगला. खोलीत उदबत्ती नको, फोडणीचा वास नको, अंगावर अत्तर नको. सुगंधी साबणाने हात धुतले असतील तर नुसत्या पाण्याने पुन्हा धुवा. ग्लासाचाही वास घेऊन बघा. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटातून काढलेला ग्लास कितीही चांगली व्हिस्की बिघडवतो. एकदा माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली, आणि दोष व्हिस्कीचा नव्हता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

चखणा नंतर. चकली, शेव किंवा लसणाचे शेंगदाणे खाल्ल्यावर पुढचा अर्धा तास जीभ कामाची राहत नाही.

ग्लासात १५ ते २० मिलिलिटर ओता, वर बशी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नकोत. हलकी आधी, शेरीतली नंतर, धुराची सर्वांत शेवटी.

४. डोळ्यांनी

इथे रेंगाळू नका. ग्लास फिरवल्यावर कडेने ओघळणाऱ्या धारा बघून लोक खूप काही सांगतात. त्या धारा मुख्यतः अल्कोहोल आणि पाण्याच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे बनतात. त्यांवरून अल्कोहोल किती असेल याचा थोडा अंदाज येतो, दर्जाचा येत नाही.

५. नाकाने

खरं काम इथे आहे. ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की जुळवणारी मंडळी, दिवसभर व्हिस्की पीत नाहीत, हुंगतात.

वाइनसारखं नाक ग्लासात खुपसून खोल श्वास घेतलात तर अल्कोहोलने नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, आणि ग्लास हळूहळू वर आणत लहान श्वास घ्या. पहिल्या हुंगण्यात फक्त दारूच येईल. ग्लास दूर करा, पुन्हा आणा. तिसऱ्या-चौथ्या वेळी वास सुटे व्हायला लागतात. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, ते ताळ्यावर येतं.

आता शब्दांचा प्रश्न. इंग्रजी टिपणांत हीदरची फुलं, टॉफी, ख्रिसमसचा केक येतात. हीदर डोंगरावर फुललेलं पाहीपर्यंत मला त्या शब्दाचा काही उपयोग नव्हता. आपल्या स्वयंपाकघरातले वास वापरा. माझ्या वहीत असं लिहिलेलं आहे: कापून ठेवलेलं सफरचंद, जास्त पिकलेलं केळं, सुकं खोबरं, काकवी, भिजवलेल्या मनुका, सुंठ, जायफळ, लवंग, बंबाचा धूर, आजीची सागवानी पेटी. हे मनाचे खेळ नाहीत. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल ओकच्या लाकडातूनही उतरतं. खोबऱ्याची आठवण ओकमधली लॅक्टोन करून देतात. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, ते आंबवताना यीस्ट बनवतं. धुराचा वास ग्वायकॉलसारख्या फिनॉलांचा, ते बार्ली पीटच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या, इंधन म्हणून जाळायच्या मातीच्या) धुरावर वाळवताना तिच्यात मुरतात.

सरावासाठी घरातल्या कुणालातरी सांगा की मसाल्याचा डबा आणि फडताळातल्या बरण्या एकेक करून तुमच्या मिटल्या डोळ्यांसमोर धर. जिरं आणि शहाजिरं, जायफळ आणि जायपत्री नुसत्या वासाने ओळखायला लागलात की व्हिस्कीही सोपी होते. कुठल्याही महागड्या वर्गापेक्षा मला याचा जास्त फायदा झाला.

दर्जा कसा ठरवायचा? तीन गोष्टी विचारा. किती वेगवेगळे वास सुटे होतात? दहा मिनिटांनी वास बदलला का? त्यातला एक बाकीच्यांना दडपतो आहे का? चांगल्या माल्टमध्ये आधी फळ येतं, मग लाकूड, मग मागून एखादा मसाला, आणि परत गेलात तर आणखी काही. सामान्य माल्टमध्ये व्हॅनिला आणि दारू, आणि परत गेलात तरी व्हॅनिला आणि दारू.

६. जिभेने

पहिला घोट अगदी लहान घ्या, तो फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. मत दुसऱ्या घोटावर बनवा. तो जिभेवर सगळीकडे फिरवा, आठ-दहा सेकंद धरून ठेवा, मग गिळा किंवा थुंका. थुंकण्यात कमीपणा नाही. तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, बरीचशी चव तेव्हाच कळते.

इथे एका शब्दापासून सावध राहा: 'स्मूथ'. घसा जळत नाही म्हणजे चांगली, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. ४० टक्क्यांची, गाळलेली, फारसं काही न सांगणारी व्हिस्कीही स्मूथ असते. कास्क स्ट्रेंथची, म्हणजे पाणी न घालता पिंपातून तशीच भरलेली, ५५-६० टक्क्यांची व्हिस्की सरळ प्यायल्यावर चरचरणारच. तो तिचा दोष नाही, तिला पाणी हवं आहे. विचारायचं ते हे: वासाने जे कबूल केलं ते चवीत मिळालं का? तोंडात ती पाण्यासारखी पातळ लागते की सायीसारखी भरीव? गोड, तुरट, खारट, तिखट यांचा तोल आहे का?

मग घड्याळ बघा. गिळल्यावर चव किती वेळ टिकते आणि टिकताना कशी बदलते? लांब टिकणारी चव ही मला दर्जाची सर्वांत भरवशाची खूण वाटते. वासाची थोडी दिशाभूल होऊ शकते, रंगाची सहज होते, पण शेवट नुसत्या लाकडाच्या जोरावर उभा राहत नाही. मागे फक्त कडवट, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखी तुरट चव उरली, तर व्हिस्की पिंपात जास्त राहिली आहे असं समजा.

७. आता पाणी

पाणी घातलं की व्हिस्की बिघडते, ही समजूत सोडून द्या. ड्रॉपरने चार-पाच थेंब टाका, हलवा, पुन्हा हुंगा. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली संगणकीय प्रारूपातून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण खाली आलं की ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतात, म्हणजे नाकाच्या जवळ येतात.

मग आणखी थोडं, आणि शेवटी एका ग्लासात व्हिस्कीइतकंच पाणी. ४० टक्क्यांची व्हिस्की त्याने २० टक्क्यांवर येते. ब्लेंडर साधारण याच पातळीला हुंगतात, कारण अल्कोहोलचा पडदा बाजूला झाला की काही लपत नाही. भक्कम माल्ट या पाण्यातही आकार टिकवून ठेवते, कधी कधी नवं फळ समोर आणते. कमकुवत माल्ट विस्कटते. पाणी घातल्यावर व्हिस्की थोडी गढूळ झाली तर घाबरू नका, ती थंड न गाळल्याची खूण आहे.

बर्फ आणि सोडा पारखताना नकोत, गारठ्याने वास मिटतो. पारख झाल्यावर मात्र हवं तसं प्या.

८. दोष ओळखायला शिका

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हे कौतुक आहे. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या ऊर्ध्वपातनाची पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात, आणि मधली तेवढी पिंपात जाते. बाजूला काढलेली पुढच्या घाण्यात परत टाकतात. मधली धार कुठे सुरू करायची आणि कुठे तोडायची यात भट्टीवाल्याचं कसब असतं, आणि ते चुकलं तर ग्लासात कळतं.

- नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा झोंबरा वास: पहिल्या धारेकडचा.
- घामट मोजे, जुनाट चीज: शेवटच्या धारेकडचा.
- उकडलेला कोबी, विझवलेली काडी: गंधक. वाफेचा तांब्याशी पुरेसा संपर्क न आल्याने किंवा पिंपात गंधक जाळल्याने येतो. थोडासा असेल तर काहींना तो आवडतो. मला नाही आवडत, पण मी त्याला लगेच दोष म्हणत नाही.
- साबण: आधी ग्लास नीट धुतला होता का ते बघा.
- ओला पुठ्ठा, बुरशी: बुचाचा दोष. बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोलने बूच खराब होतं.

९. शेजारी शेजारी ठेवा, आणि डोळे झाकून

एकटी व्हिस्की नेहमी बरी वाटते. सुरुवातीला तीन घ्या: ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनफिडिक १२, मग बुनाहावन १२, मग आर्डबेग १०. पहिलीत सफरचंद-पेर, दुसरीत सुका मेवा, तिसरीत धूर. या तिघींत पुढच्या बऱ्याच माल्टचा नकाशा मिळतो. तीन बाटल्यांचा खर्च चार मित्रांत वाटून घ्या.

महिनाभराने एक परीक्षा द्या. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. लेबलं तुम्हाला दिसता कामा नयेत. वेगळा ग्लास कुठला? एकाच डिस्टिलरीची १२ आणि १८ वर्षांची समोर ठेवून मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तीनपैकी दोनदा चुकले. त्यानंतर लेबलाचा आकडा बघून पैसे खर्च करणं मी थांबवलं.

स्कॉटलंडला गेलात तर गाडी चालवत डिस्टिलऱ्या बघू नका. २०१४ पासून तिथली मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षा कडक. बऱ्याच डिस्टिलऱ्या चालकाचा घोट छोट्या बाटलीत बांधून देतात, मागून घ्या. आयलावर पोर्ट एलनपासून लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग एका पायवाटेवर ओळीने लागतात, चालत होतं.

आणि रात्री ग्लास धुऊ नका. रिकामे तसेच टेबलावर ठेवा, कुठला कोणाचा त्याची चिठ्ठी खाली सारा, आणि सकाळी चहाच्या आधी एकेक हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं. काही ग्लासांत काहीच नसतं. काहींत मध, कोरडं लाकूड, गार झालेली राख अजून बसलेली असते. रात्री वहीत काय लिहिलं होतं ते तेव्हा काढून बघा.